सातेरीची कामकरी माशी : वय, काम आणि काजूचा हंगाम (प्रकल्प नोंदी, फोंडा तालुका)

६ ऑक्टोबर २०२४

जागा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले एक कुळागर. खाली पोफळी, माड, केळी, मिरवेली आणि पाटाचे पाणी. वर डोंगरउतारावर काजू, काही वेंगुर्ला-४ जातीची आणि बाकी जुनी गावठी झाडे. पेट्या तीन: क, ख, ग. तिन्ही सातेरी माशीच्या, म्हणजे एपिस सेराना इंडिका. जोडीला दोन चौकटींची एक काचपेटी.

कामकरी माशी कोणत्या वयात काय करते हे रंगाच्या खुणा करून टिपायचे आणि त्यावरून पेटीची निगा ठरवायची, असे काम आखले आहे. पेटी उघडली की नजर आधी मधावर जाते, मग राणीचा शोध सुरू होतो. आमच्या मते आधी बघायचे ते कामकरींचे वय. राणी अंडी घालते. घरे साफ करणे, अळ्या भरवणे, मेण काढून पोळे बांधणे, वारा घालणे, पहारा, पाणी, पराग, मकरंद हे सगळे कामकरींकडे, आणि त्यातले प्रत्येक काम ढोबळ मानाने एका वयाकडे. सातेरीच्या पेटीत जे बिघाड होतात त्यांतले बरेचसे या ना त्या वयाच्या माश्या कमी पडल्यामुळे होतात.

पेट्या भारतीय मानक ‘ए’ प्रकारच्या. चौकटीची आतली मोकळी जागा २१० × १४५ मिमी, माशीला फिरायला वाट ७ मिमी. पोळ्यावर पट्टी धरून कामकरींची घरे मोजली: ओळीतली दहा घरे ४३ मिमीत बसतात, म्हणजे एक घर ४.३ मिमी. या मापाने एका चौरस सेंटिमीटरला सहाहून थोडी जास्त घरे येतात. चौकटीच्या एका बाजूला सुमारे १,९००, दोन्ही बाजूंना मिळून ३,८००. पूर्ण पिलाव्याने (अंडी, अळ्या, कोष) भरलेली चौकट क्वचितच सापडते. निम्मी धरली तरी एका चौकटीतून १,९०० माश्या बाहेर पडतात. पुढचे अंदाज याच आकड्यावर.

मेणपत्रा (घरांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा) विकत घेताना हे माप आधी पडताळावे. मेलिफेरा, म्हणजे मोठ्या युरोपीय माशीचा पत्रा ५.३ ते ५.४ मिमीचा असतो. सातेरीला तो फारच मोठा. माश्या एक तर तो कुरतडून टाकतात, नाहीतर त्यावर वेडेवाकडे पोळे चढवतात.

२० ऑक्टोबर

परतीचा पाऊस दुपारनंतर येतो, सकाळी चांगले ऊन. किंदळ फुलली आहे, लाजाळूचा पराग येतो आहे, माड तर बारमाही. क आणि ख मध्ये चार चौकटींवर माश्या, ग मध्ये तीन.

काजूचा हिशेब उलटा मांडला. या उतारावर जानेवारीच्या मध्यापासून फुलोरा भरात येतो. सातेरीची कामकरी अंड्यापासून बाहेर पडायला सुमारे १९ दिवस घेते: अंडे ३ दिवस, उघडी अळी ५ दिवसांच्या आसपास, बंद घरात ११. बाहेर आल्यावर अडीच-तीन आठवडे ती आतली कामे करते. म्हणजे फुलांवर जाणारी माशी हवी असेल तर तिचे अंडे सहा आठवडे आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडलेले हवे. त्या अंड्यातून निघणारी अळी भरवायला दाया हव्यात. त्या नोव्हेंबरच्या शेवटी जन्मलेल्या असल्या पाहिजेत, आणि त्यांची अंडी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. फुलोरा डोळ्यांना दिसल्यावर पाक सुरू केला तर माश्यांचे बळ मार्चमध्ये येते, तोवर झाडावर बोंडे लटकलेली असतात.

म्हणून पाक आजपासून. साखर १ किलो, पाणी १ लिटर. पाणी उकळून चुलीवरून उतरवायचे आणि मग साखर विरघळवायची. साखरेसकट उकळत ठेवायचे नाही, करपलेला पाक माश्यांना बाधतो. गूळ अजिबात नको, त्याने माश्यांना हगवण लागते. दर एक दिवसाआड काळोख पडल्यावर २०० मिली, पसरट भांड्यात, वर सुक्या काड्या तरंगत सोडून, नाहीतर माश्या बुडतात. या दमट हवेत पाक दुसऱ्या दिवशी आंबतो, तेव्हा रात्रीत संपेल एवढाच द्यावा. दिवसा पाक दिला किंवा पेटीबाहेर सांडला तर शेजारच्या पेटीच्या माश्या लुटायला येतात, आणि लुटालूट सुरू झाली की ग सारखी कमजोर पेटी आधी मरते.

१० नोव्हेंबर

क मध्ये उघडा पिलावा दोन चौकटींवर पसरला आहे. आजची पाहणी फक्त दायांसाठी.

बाहेर पडून तीनेक दिवस झालेली माशी भरपूर पराग खाऊ लागते. त्यातून तिच्या डोक्यातल्या ग्रंथी फुगतात आणि त्यांतून पांढरे खाद्य पाझरते. पहिले तीनेक दिवस प्रत्येक अळीला हेच मिळते; पुढे कामकरी होणाऱ्या अळीच्या खाद्यात मध आणि पराग मिसळला जातो, राणी होणाऱ्या अळीला मात्र शेवटपर्यंत भरपूर रॉयल जेली. राणीही दायांच्याच तोंडून जेवते. दाया भरपूर आणि पोटभर असल्या तर राणी अंडी वाढवते, दाया आटल्या की राणी कितीही चांगली असो, अंडी कमी होतात.

दाया पुरेशा आहेत का, हे बघायची खूण अशी. चौकट धरून सूर्याकडे पाठ करावी, म्हणजे ऊन खांद्यावरून सरळ घरांच्या तळाशी पडते. लहान अळी पांढऱ्या दुधात तरंगताना दिसली, कडेला ओली चकाकी दिसली, तर सगळे ठीक. अळी कोरड्या तळावर टेकलेली दिसली तर दाया कमी आहेत किंवा पराग कमी आहे. क मध्ये चकाकी आहे. ग मध्ये बऱ्याच अळ्या कोरड्या, आणि मागच्या वेळी अंडी होती त्या जागी काही घरे रिकामी. चार दिवस पाऊस लागून पराग आला नाही की दाया अंडी आणि कोवळ्या अळ्या खाऊन टाकतात. प्रथिन असे परत वापरून मोठ्या अळ्या जगवतात. हा आजार समजून औषध घालणे चूक.

कोरड्या अळ्या दिसल्या की सोयाबीन पिठाचे गोळे ठेवतात. गोव्याच्या हवेत त्याचा फायदा थोडा आणि ताप जास्त वाटतो: गोळ्याला बुरशी येते, मेणपतंग अंडी घालतो, मुंग्या लागतात. माडाच्या बागेत पोयी (माडाचा फुलोरा) उमलत असताना सातेरी त्या गोळ्याला फारसे तोंडही लावत नाही. ग ला त्यापेक्षा क मधली पराग भरलेली एक चौकट दिली, माश्या झाडून.

१७ नोव्हेंबर

खुणा करण्याची पद्धत इथे नीट लिहून ठेवतो.

बाहेर पडायच्या बेतात असलेल्या पिलाव्याची चौकट निवडायची. खूण: झाकणे गडद झालेली, कुठे कुठे कडेने कुरतडलेली, एखाद्या भोकातून मिशा हलताना दिसतात. त्या भागावर ८ × ८ सेंमीचा बारीक तारजाळीचा पिंजरा मेणात दाबून बसवायचा. आत मधाची थोडी घरे आली पाहिजेत, नाहीतर रात्रीत नव्या माश्या उपाशी मरतात. जाळीचे भोक अडीच-तीन मिमी, म्हणजे बाहेरच्या माश्या आतल्यांना भरवू शकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आत असतात त्या सगळ्या एका दिवसाच्या आतल्या: करड्या, लवदार, मऊ. त्यांना अजून उडता येत नाही, डंखही मारता येत नाही.

रंग पाण्यात मिसळणारा अॅक्रेलिक. माडाच्या हिराच्या बोथट टोकाने पाठीवर, पंखांच्या मध्ये, दीड मिमीचा एकच ठिपका. रंग पातळ असला तर पंखांच्या सांध्यात उतरतो आणि माशी जन्मभर उडत नाही. जाड असला तर इतर माश्या तो सोलून काढतात. ठिपका मिनिटभर सुकू द्यायचा आणि संध्याकाळी, पेटी शांत असताना, माश्या परत पोळ्यावर सोडायच्या. हाताला साबणाचा किंवा अत्तराचा वास नसावा. वास लागलेल्या माश्यांना पेटीतल्याच माश्या तळपाटावरून ओढत बाहेर नेतात. धूरही नावापुरता. सातेरीला जास्त धूर दिला की सगळ्या माश्या पोळे सोडून कोपऱ्यात धावतात आणि पाहणीच होत नाही.

आज पांढरा ठिपका, काचपेटीत आणि क मध्ये. पुढच्या खेपांना पिवळा, निळा, हिरवा. काचपेटीच्या काचांवर लाल जिलेटीन कागद लावला. माशीला लाल दिसत नाही, तिच्या लेखी तो काळोखच.

२४ नोव्हेंबर

पांढऱ्या माश्या आता सात दिवसांच्या. पहिले दोन-तीन दिवस त्या घरात डोके खुपसून राहायच्या, कोषाचे उरलेले पापुद्रे ओढून काढायच्या, भिंती चाटून गुळगुळीत करायच्या. असे साफ झालेले घरच राणी पसंत करते. काचेतून आज राणी दिसली: घरात डोके घालून तपासते, एखादे घर सोडून पुढे जाते, दुसऱ्यात अंडे घालते. सोडलेल्या घराच्या तळाशी अजून कात शिल्लक होती.

आता पांढऱ्या माश्या उघड्या पिलाव्यावर गर्दी करून आहेत. अळीच्या घरात डोके घालणे बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांचेच, ती फक्त तपासणी. भरवताना माशी बराच वेळ आत राहते आणि पोट लयीत हलते. पिलाव्याची ऊबही त्याच राखतात: पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवून. तापमापकाची बारीक तार पिलाव्याच्या मध्यात घातली तर काटा ३४-३५ अंशांवर स्थिर, बाहेर पहाटे २२.

१ डिसेंबर

पांढरा ठिपका १४ दिवसांचा. आज मेण.

ग च्या शेवटच्या चौकटीत रिकामी पट्टी दिली होती, तिथे माश्या एकमेकींचे पाय धरून साखळ्या करून लोंबकळत आहेत. पोटाच्या खालच्या बाजूला मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. पापुद्रा बाहेर येतो, मागच्या पायाने तो उचलून जबड्याशी आणला जातो, चावून मऊ केला जातो आणि मग चिकटवला जातो. तळपाटावर पडलेले पापुद्रे अभ्रकाच्या कपच्यांसारखे दिसतात. तळपाटावर ते नेहमीपेक्षा जास्त दिसले तर समजावे की मेण काढणाऱ्या माश्या भरपूर आहेत आणि बांधायला जागा नाही. चौकट लगेच द्यावी. जागा मिळाली नाही तर त्या झाकणाखाली आडवे पोळे बांधतात.

एक किलो मेणासाठी सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. मध काढताना पोळे न मोडता यंत्रातून काढून परत द्यायचे, ते यासाठी. पिळून मध काढणाऱ्याच्या पेटीला दरवेळी शून्यापासून बांधावे लागते आणि त्यात मेण काढायच्या वयाच्या माश्याच खपतात.

रानातली वसाहत पेटीत आणताना कापलेले पोळे चौकटीला बांधतात, तेही याच माश्यांच्या भरवशावर. केळीच्या सोपटाचा ओला दोर वापरावा. दोन-तीन दिवसांत माश्या पोळे पट्टीला मेणाने जोडतात आणि दोर कुरतडून, तुकडे करून दारातून बाहेर टाकतात. नायलॉनचा दोर त्यांना कुरतडता येत नाही, तो पोळ्यात अडकून राहतो.

८ डिसेंबर

दुपारी बारा-एकच्या सुमारास क च्या दारासमोर माश्यांचा घोळका. तोंड पेटीकडे, डोलत मागे मागे जातात, वर्तुळे मोठी होत जातात. यांत पांढरे ठिपके बरेच. ही जागा ओळखून घेण्याची उड्डाणे. लुटालूट समजून दार बंद करू नये. लुटारू माश्या फटी शोधतात, दारात झटापट होते, काही माश्या तकतकीत काळ्या दिसतात. इथे त्यातले काही नाही, आणि अर्ध्या तासात सगळे शांत.

२२ डिसेंबर

पहारेकरी. दारात पुढचे पाय उचलून उभ्या, येणाऱ्या प्रत्येकीला मिशांनी हुंगतात. पिवळा ठिपका (जन्म १ डिसेंबर) दारात दिसू लागला आहे.

गांधीलमाशी घिरट्या घालते आहे. ती जवळ आली की दारावरच्या माश्या एकदम पोट थरथरवतात, एक लाट उठल्यासारखी दिसते, आणि बहुधा ती मागे हटते. फार जवळ आली तर पहारेकरी तिच्यावर झेपावतात, गोळा करून तिला मध्ये दाबतात आणि स्नायू थरथरवून आत उष्णता वाढवतात. जपानमधल्या सातेरीच्या उपप्रजातीत अशा गोळ्याच्या आत ४६-४७ अंश मोजले गेले आहेत. माशी ते सोसते, गांधीलमाशी मरते. गांधीलमाशीचे कवच कठीण, डंख त्यात सहज शिरत नाही. गोळा दिसला तर हात लावू नये, पाणी मारू नये.

पण पहाऱ्यालाही माणसे लागतात. ग मध्ये दारावर दोन-तीनच माश्या, म्हणून त्याचे दार लाकडी पट्टीने दोन माश्या जातील एवढेच ठेवले. पट्टीची उंची ८ मिमीच्या वर नको.

मुंग्यांपुढे पहारा चालत नाही. पानांची घरटी करणारे तांबडे हुमले एका रात्रीत पेटी रिकामी करतात, आणि उरलेल्या माश्या पेटी सोडून जातात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेतच. तरी काल एक मिरवेल वाढून ख च्या झाकणाला टेकली होती आणि त्यावरून रांग लागायला सुरुवात झाली होती. वेल छाटली. वाट्या भरल्या की काम झाले असे नसते, पेटीभोवती हातभर जागा सगळ्या बाजूंनी मोकळी हवी.

१९ जानेवारी २०२५

काजू फुलला. क वर सहा चौकटी, मधकोठी (मध साठवायची वरची पेटी) चढवली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला पिलावा आता फुलांवर आहे.

काचपेटीत नाच. माशी थरथरत सरळ धावते, मग वळून परत, पुन्हा धावते. सरळ धावेचा उभ्या रेषेशी जो कोन तो सूर्य आणि फुले यांच्यातला कोन. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडले आणि १९७३ चे नोबेल त्यांना मिळाले. काचपेटीपासून काजूचा उतार सरळ पूर्वेला. सकाळी नऊला सूर्य आग्नेयेला, पूर्वेपासून सुमारे ३० अंश उजवीकडे. म्हणजे फुले सूर्याच्या ३० अंश डावीकडे, आणि नाचही सरळ वर जाण्याऐवजी तेवढाच डावीकडे झुकलेला. दुपारी चारला सूर्य नैर्ऋत्येला गेला तेव्हा त्याच उताराचा नाच खाली, डावीकडे तिरका. फुले तिथेच आहेत, सूर्य हलला आहे. कोनमापक काचेवर धरून सकाळ-दुपार दोन्ही वेळा पडताळा घेतला की कोणत्या बागेत माश्या जातात ते नकाशावर काढता येते. फवारणीच्या दिवसांत हे फार उपयोगाचे ठरते.

अंतर सरळ धावेच्या वेळेवरून कळते: धाव लांबली की फुले दूर. मेलिफेरासाठी छापलेले कोष्टक सातेरीला लावू नये. सातेरीचा एक सेकंद त्याहून कमी अंतर दाखवतो. ती मुळातच जवळपास चरते, बहुतेक फेऱ्या किलोमीटरभराच्या आत. म्हणून पेट्या उताराच्या पायथ्याशी, बागेला लागून ठेवणे हिताचे.

मकरंद आणणारी माशी स्वतः घरात ओतत बसत नाही. दाराजवळ आतली माशी जीभ लांबवून तो घेते, आणणारी लगेच परत जाते. घेणाऱ्या कमी पडल्या तर आणणारीला थांबावे लागते आणि ती इतरांना नाचून बोलावत नाही. जानेवारीत मध साठत नसला तर दोष फुलांना देण्याआधी १२ ते १८ दिवसांच्या माश्या आहेत का ते बघावे.

२ फेब्रुवारी

गुरुवारी सकाळी शेजारच्या एका बागायतीत ढेकण्यासाठी (काजूचा रस शोषणारी कीड) फवारणी झाली, फुलोऱ्यावर, ऊन चढल्यावर. ख च्या माश्या त्याच दिशेला जात होत्या हे नाचावरून ठाऊक होते. दुपारपर्यंत ख समोर मेलेल्या माश्या, बहुतेकींची जीभ बाहेर आलेली, काही जमिनीवर गरगर फिरत होत्या. क वर थोडा परिणाम, ग वर जवळजवळ नाही.

आज ख उघडली. पिलावा आहे, दाया आहेत, राणी चालू आहे. फुलांवर जाणाऱ्या मात्र जवळपास नाहीत. हिरवा ठिपका २४ जानेवारीचा, म्हणजे नऊ दिवसांच्या माश्या, आणि त्याच परागाच्या गोळ्या घेऊन दारात उतरताहेत. एरवी या वयात त्या अळ्या भरवत असत्या.

याचे कारण मेलिफेरावरच्या संशोधनात सापडते. बाहेर जाणाऱ्या म्हाताऱ्या माश्यांच्या पोटात एथिल ओलिएट नावाचे द्रव्य असते. तोंडाला तोंड लावून खाद्य देताना ते तरुण माश्यांकडे जाते आणि त्यांचे बाहेर पडणे लांबवते. म्हाताऱ्या नाहीशा झाल्या की हा लगाम सुटतो. उलटेही घडते: दाया कमी पडल्या तर काही म्हाताऱ्या परत अळ्या भरवू लागतात. वयाचा क्रम म्हणजे घड्याळ नव्हे. वसाहत गरजेप्रमाणे तो पुढे-मागे सरकवते. या सोयीची किंमत मोठी असते. लवकर बाहेर पडलेली माशी कमी फेऱ्या करते आणि लवकर मरते, तिच्यामागून आणखी कोवळी निघते, आणि बाहेरून मोठी दिसणारी पेटी काही आठवड्यांत ढासळते.

उपाय लगेच केले. क मधली बाहेर पडायला आलेल्या पिलाव्याची एक चौकट ख ला दिली, माश्या झाडून. म्हणजे आठवडाभरात दाया भरून निघतील आणि तरुण माश्यांवरचा ताण उतरेल. पाक रोज संध्याकाळी १५० मिली आणि पाणी पेटीच्या आतच, म्हणजे बाहेरच्या फेऱ्या वाचतात. माश्यांनी न झाकलेली दोन पोळी काढली. फवारणीनंतर आलेला ताजा पराग ज्या चौकटीत होता तीही काढली, कारण विषारी पराग पोळ्यात टिकतो आणि दाया तो खातात.

बागायतदाराशी बोलणे झाले. पुढची फवारणी सूर्यास्तानंतर आणि आदल्या दिवशी निरोप. निरोप मिळाला की पेट्या रात्री दोन-तीन किलोमीटर दूर नेणे सर्वात चांगले. ते जमले नाही तर पहाटे दार तारजाळीने बंद करून वर ओले गोणपाट, सकाळी दहापर्यंत, त्याहून जास्त नको. लाकडी फळीने बंद केलेली भरलेली पेटी फेब्रुवारीच्या उन्हात आतल्या आत गुदमरते.

२३ फेब्रुवारी

क मध्ये पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरांचे पेले दिसू लागले, नर भरपूर. थवा (जुन्या राणीबरोबर पेटी सोडून जाणाऱ्या माश्या) सुटण्याआधी पेटीची वाटणी केली. नवी पेटी घ.

वाटणी भर दुपारी, बाहेरच्या माश्या बाहेर असताना. घ मध्ये तीन चौकटी: एक अंडी आणि कोवळ्या अळ्यांची, एक बंद पिलाव्याची, एक मध-परागाची, वर आणखी दोन चौकटींवरच्या माश्या झाडल्या. राणी क मध्येच. कितीही माश्या झाडल्या तरी बाहेर जाणाऱ्या सगळ्या संध्याकाळपर्यंत जुन्या जागी परततात आणि घ मध्ये फक्त दाया राहतात. त्यामुळे पहिला आठवडा घ ला पाणी आणि पाक आत द्यावाच लागतो, भोवती फुले असली तरी. दार एका माशीपुरते.

१६ मार्च

शिगम्याच्या गडबडीत दोन दिवस पेट्या बघितल्या नव्हत्या. क ची मधकोठी भरली. तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झालेल्या चौकटीच काढल्या. अपवर्तनमापकावर पाणी २० टक्क्यांच्या आत. एक उघडी चौकट मुद्दाम तपासली, ती २४ वर. असा मध बाटलीत आंबतो.

पाणी उडवण्याचे काम रात्री चालते. माश्या मकरंदाचा थेंब तोंडाशी आत-बाहेर करतात, मग घराच्या छताला पातळ लावतात, आणि बाकीच्या पंखांनी वारा घालतात. गोव्याच्या दमट हवेत यालाच सर्वात जास्त माश्या लागतात. तरुण माश्या पिलाव्यात गुंतलेल्या असल्या तर मध पातळ राहतो. घाई करू नये.

पिलावा-कोठीतल्या मधाला हात लावलेला नाही.

३० मार्च

घ बिघडली. नवी राणी बाहेर पडली होती, घराचे फाटलेले टोक दिसले होते, पण मीलनाच्या उड्डाणावरून ती परतलेली दिसत नाही. माश्या खाणारे वेडे राघू तारेवर रोज असतात.

आता एका घरात तीन-चार अंडी, काही भिंतीला चिकटलेली. राणीचे पोट तळापर्यंत पोचते, कामकरीचे पोचत नाही, म्हणून भिंतीवर. कामकरीच्या घरांवर फुगीर झाकणे, आत नर; टोकाला बारीक भोक असलेली ही झाकणे सातेरीच्या नराची पक्की खूण. राणीचा आणि उघड्या पिलाव्याचा गंध कामकरींचे अंडाशय दाबून ठेवतो. दोन्ही गेले की सातेरीच्या कामकरी मेलिफेरापेक्षा लवकर अंडी घालू लागतात. नर काहीच काम करत नाहीत, नव्या कामकरी येत नाहीत, पेटी संपते.

अशा पेटीत नवी राणी सोडली तर माश्या तिला मारतात. आधी क मधली अंडी-अळ्यांची चौकट दिली; आठवड्याने अजून एक देणार, म्हणजे अळ्यांच्या गंधाने अंडी घालणे थांबेल. त्यांवर राणीघर बांधले तर उत्तम. नाहीतर ख ची राणी दोन दिवस पिंजऱ्यात ठेवून, मध्ये भोके पाडलेले वर्तमानपत्र घालून सगळी ख पेटी घ वर चढवायची. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हींचा वास एक होतो.

२७ एप्रिल

घ ने राणीघर बांधले नाही, ती ख मध्ये मिसळली. राणी सलामत, अंडी घरात एकेकच.

दुपारी सावलीत ३४ अंश. दारात माश्या रांगेत वारा घालताहेत, डोके बाहेरच्या दिशेला. मेलिफेरा डोके दाराकडे करून आतली हवा बाहेर ओढते, सातेरी बाहेरची आत ढकलते. त्यामुळे सातेरीच्या दारासमोर तापलेली फरशी किंवा पत्रा असू नये, ती गरम हवाच आत जाते. पेट्यांवर माडाच्या झापांची सावली केली. पाटाजवळ पसरट थाळीत नारळाची सोडणे ठेवून पाणी भरले. माश्या सोडणावर बसून ओल शोषतात, बुडत नाहीत. थाळी एकदा ठेवली की तिची जागा बदलायची नाही आणि ती सुकू द्यायची नाही. सुकली तर पाणी आणणाऱ्या माश्या शेजारच्या घरांच्या नळावर जाऊ लागतात आणि मग तिथून हटत नाहीत.

१५ जून

पाऊस लागला. मधकोठ्या उतरवल्या. प्रत्येक पेटीत माश्या झाकतील तेवढीच पोळी ठेवली: क मध्ये पाच, ख मध्ये चार, ग मध्ये तीन. जास्तीच्या पोळ्यावर राखण नसते, तिथे मेणपतंगाची अळी जाळी करते आणि सातेरी पेटीच सोडून निघते. काढलेली काळी पोळी आजच वितळवली.

पेटी दाराकडे बोटभर उतरती. तळपाट दर आठवड्याला खरवडायचा, पडलेल्या भुशातच मेणपतंग वाढतो. पाण्याच्या वाट्या पावसाने भरून वाहतात आणि पानांचा कचरा साचून मुंग्यांना पूल होतो, त्या रोज बघायच्या. पाक आता घट्ट, दोन भाग साखर एक भाग पाणी, आठवड्यातून दोनदा १५० मिली, पाऊस उघडलेला असो वा नसो. चौकटी भरून असलेला पिलावा आता तळहाताएवढा उरला आहे, या दिवसांत तेवढाच असायचा. नरांना माश्या दाराबाहेर ढकलू लागल्या आहेत.